डाळिंबाखालचा कोपरा

१२ मार्च

वकीलसाहेब,

तुमचं छापील पत्र पोचलं. सख्ख्या बहिणीला चार ओळी लिहायलाही तुला मशीन लागतं आणि खाली सही तेवढी शाईची, एखाद्या खात्याच्या साहेबासारखी. बाबा तुला लहानपणी 'वकील' म्हणायचे ते कौतुकाने, असा तुझा अजून समज असेल तर तो काढून टाक. ताटावर बसून वाद घालणाऱ्या पोराला दुसरं काय म्हणणार?

फोन का उचलत नाही, असं विचारलं आहेस. फोनवर तू मध्येच बोलतोस. कागदावर निदान माझं वाक्य मला पुरं करता येतं.

घराची 'सद्यस्थिती' कळवायला सांगितली आहेस. घर नाही, ही सद्यस्थिती. वणवा डोंगरावरून उतरला, आपल्या गल्लीतली सहा घरं घेऊन गेला आणि सातव्यापाशी, म्हणजे पाववाल्याच्या घरापाशी, थांबला. पाववाला आता असा चालतो की जणू वारा त्यानेच फिरवला. आपलं जोतं उरलं आहे, न्हाणीघराची फरशी, पाण्याचा सिमेंटचा हौद आणि मागच्या कोपऱ्यात डाळिंबाचं काळं खोड. मी मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत राहते. जळितांसाठी अशा चाळीस खोल्या आहेत. शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, ते दिवसभर आपल्या जळालेल्या सामानाची यादी मोठ्याने वाचतात. काल त्यात दोन गालिचे वाढले.

सफाईवाल्यांची टोळी पांढरे कपडे घालून, तोंडाला मुखवटे लावून आली. त्यांनी राख आणि पत्रे उचलले, भिंती उचलल्या आणि खालची सहा इंच मातीही खरवडून नेली. घर जळलं की रंग, वायरी, प्लास्टिक या सगळ्याचं विष राखेतून मातीत उतरतं म्हणे. मी खुर्ची टाकून दोन दिवस समोर बसले. नसते बसले तर हौदही नेला असता त्यांनी. माझं कपाट होतं त्या जागी राखेत एक करडा गोळा निघाला, मुठीएवढा, पण हाताला चांगलाच जड. मुकादम म्हणाला, "हे काय हो, आजी?" मी म्हटलं, "नळ वितळला असेल," आणि गोळा पिशवीत टाकला. मला आजी म्हणणाऱ्या माणसाला याहून जास्त माहिती मी देत नाही.

मग माती तपासणारी आली. तिशीची असेल, केस कापलेले, हातात छोटं फावडं आणि काचेच्या बरण्या. अंगणाचे चार भाग करायचे, प्रत्येक भागात पाच ठिकाणची थोडी थोडी माती घ्यायची आणि ती कालवून एका बरणीत भरायची, अशी त्यांची पद्धत. पाच ठिकाणी काय काय आहे ते सगळं एकत्र कालवून काय डोंबल कळणार, हे तिचं तिला ठाऊक. त्याआधी तिने मला फॉर्म वाचून दाखवला. अडतीस वर्षं मी शाळेच्या कचेरीत लोकांचे फॉर्म तपासले आणि ही मला फॉर्म वाचून दाखवते! रकाना सात: या जागेवर पूर्वी गॅरेज, रंगकाम, बॅटरीचं काम असं काही चालत होतं का? मी म्हटलं, "इथे माणसं राहत होती." तिने 'नाही'वर खूण केली. मग ती डाळिंबाच्या कोपऱ्याकडे निघाली. तिला सांगितलं, तिथे संडासाची टाकी आहे, वरचा भाग कच्चा आहे, पाय टाकशील तर आत जाशील. लगेच मागे फिरली. शिकलेली माणसं फार पटकन घाबरतात.

निकालाला तीन आठवडे लागतील. तोवर तुझी बांधकामाची घाई आवर.

तुझी थोरली बहीण
(कागदोपत्री)


४ एप्रिल

वकीलसाहेब,

जागा पास झाली. फाटकाच्या उरलेल्या खांबाला हिरवी पाटी ठोकून गेले आहेत, 'माती बांधकामास योग्य'. पाववाला स्वतः येऊन वाचून गेला. त्याच्या घराला पाटी नाही, कारण त्याचं जळलंच नाही. याचंही त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

तुझ्या पत्रात अभिनंदनाची एक ओळ आणि शंकांचं दीड पान. "ताई, टाकी रस्त्याच्या बाजूला होती ना? डाळिंबापाशी तर बाबांची शेड होती." शाबास. ज्या अंगणात गेल्या शेहेचाळीस वर्षांत तू सगळा मिळून एक दिवस उभा राहिलास, तोही बाबांना पोचवायला, त्या अंगणातली टाकी कुठे आहे हे तू मला शिकव. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी जुनी खोड. टाकी मागाहून हलवली. कधी आणि कोणी, याचा पुरावा द्यायला मी तुझ्या कोर्टात उभी नाही.

पुढे लिहितोस, "शिसं मातीत शंभर वर्षं राहतं. त्या कोपऱ्याचा वेगळा नमुना घ्यायला सांग." पुन्हा सुरू झालं का तुझं?

बाबा जुन्या बॅटऱ्या फोडायचे, आतलं शिसं कढईत वितळवायचे आणि नव्या प्लेटा ओतायचे. त्याच कढईवर तू कॉलेजात गेलास. पहिल्या सुट्टीत घरी आलास आणि भर जेवणात बाबांना म्हणालास की आपल्या धाकट्या बहिणीला, छोटीला, तुमच्या शिशाची बाधा झाली आहे, म्हणून ती पांढरीफटक दिसते, पोट धरून बसते, काल शिकलेली अक्षरं आज विसरते. एकोणीस वर्षांचा तू, एक पुस्तक वाचून आलेला. बाबांनी ताट भिरकावलं आणि तुला घराबाहेर काढलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पुढे छोटीच्या रक्ताची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही आणि तू बाबांना तीन पानी माफीपत्र धाडलंस. तेव्हा तुझं शास्त्र एकदा तोंडावर आपटलेलं आहे. इतकं आपटल्यावर माणूस कानाला खडा लावतो.

छोटीने नऊ वर्षं पुरी केली नाहीत. झटके आले आणि गेली. डॉक्टरांनी मेंदूज्वर लिहिला, मेंदूज्वरच होता तो. त्यावर मला पत्र नको.

तुझी
थोरली बहीण


२६ एप्रिल

वकील,

तुझा कंत्राटदार भेटला. पांढरे बूट घालून मातीत काम करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. त्याच्याकडे एकच उत्तर आहे. पाया किती खोल घेणार? "टेन्शन नाही, काकू." पावसाळ्याआधी जोतं होईल? "टेन्शन नाही." नकाशा उलटा धरला आहेस. "टेन्शन..." इथे मात्र तो थांबला. असली रत्नं तुला सापडतात कुठे, आणि तीही इतक्या लांबून?

नकाशा त्याच्या हातून काढून घेतला आणि वाचला. तुझी लेक संसार घेऊन इथे राहायला येणार हे मला नकाशातून कळावं! तिची इकडे बदली झाली, हे एका ओळीत लिहायला तुझं मशीन मोडलं होतं का? यायला माझी ना नाही. तिने मला दरवर्षी वाढदिवसाला कार्ड पाठवलं आहे, तुझ्यापेक्षा बरी आहे ती.

पण डाळिंबाच्या कोपऱ्यात तुम्ही एक गोल काढला आहे आणि आत लिहिलं आहे, 'बाळाची खेळायची जागा, मऊ माती'. हे कोणाच्या डोक्यातून निघालं? तुझी नात दोन वर्षांची पोर, हाताला लागेल ते तोंडात घालते असं तूच मागच्या पत्रात कौतुकाने लिहिलं आहेस. तिला मातीत कशाला बसवता? तिथे ऊन लागतं. डाळिंबाला काटे असतात. विंचू निघतात. त्या कोपऱ्यात गाडी उभी करायची जागा करा आणि चांगलं हातभर जाड सिमेंट ओता. पोरीला पुढच्या बाजूला खेळवा. तू म्हणशील, रस्त्यावर रहदारी असते. सहा घरं जळलेल्या गल्लीत कसली आली आहे रहदारी? मी आणि पाववाल्याचं कुत्रं.

हा सल्ला नाही, अट आहे. अर्धी जागा माझ्या नावावर आहे, हे तुला आठवत नसेल तर कागद पाठवते.

डाळिंबाला बुंध्यातून तांबडे कोंब फुटले आहेत. मी रोज जाऊन बघते. तुला सांगायचं काही कारण नव्हतं.

थोरली


१३ मे

वकील,

तुझ्या लेकीचा फोन तुला आला असणारच, आणि तुझं पत्र कसं असेल तेही मला माहीत आहे. म्हणून ते यायच्या आत हे लिहिते आहे. आत्याने दोन वर्षांच्या पोरीला मारलं. खरं आहे. गालावर माझी चार बोटं उठली.

ती जागा बघायला आली होती. कंत्राटदार पायाच्या रेघा चुन्याने आखत होता आणि तुझी लेक त्याच्याशी खिडक्यांवरून हुज्जत घालत होती. त्या बाबतीत ती तुझीच. मी हौदाच्या कठड्यावर बसले होते. पोर कुठे आहे म्हणून मान वळवली तर ती डाळिंबाच्या बुंध्याशी बसलेली. मांडी घालून, पाठ माझ्याकडे, डोकं एका बाजूला कललेलं. छोटी बसायची तशीच, तिथेच. तिने मूठभर माती उचलली आणि तोंडात भरली. मी सत्तर वर्षांची बाई कशी धावले ते मला आठवत नाही. मी तिच्या थोबाडीत मारली, तोंडात बोट घालून माती काढली, हौदावर नेऊन तिला चुळा भरायला लावल्या. ती घाबरून श्वास अडकेपर्यंत रडत होती.

तुझी लेक म्हणाली, "आत्या, वेड लागलंय का तुला? मातीच खाल्ली ना? सगळीच मुलं खातात."

मी म्हटलं, "ही माती खायची नाही."

"हिरवी पाटी लावली आहे ना बाहेर?"

कंत्राटदार म्हणाला, "टेन्शन नाही, ताई, टेस्ट झालेली माती आहे."

त्याच्याकडे बघून मला किळस आली. पण ते वाक्य माझंच होतं, तो बिचारा फक्त बोलून दाखवत होता.

आता नीट वाच आणि मध्ये बोलू नकोस.

टाकी कधीच हलवली नव्हती. ती रस्त्याच्या बाजूलाच आहे. डाळिंबाखाली बाबा कढईतली खरड पुरायचे, फुटक्या बॅटऱ्यांचं पाणी तिथेच ओतायचे. मी त्या माती तपासणाऱ्या पोरीला बरोब्बर तिथून वळवलं, कारण तो कोपरा बरणीत गेला असता तर हिरवी पाटी आली नसती, मी आणखी दोन वर्षं त्या पत्र्याच्या डब्यात पोस्टमास्तरांचे गालिचे मोजत बसले असते आणि गावाला कळलं असतं की बाबांनी काय पुरून ठेवलं होतं. शिवाय तुझं म्हणणं कागदावर आलं असतं. ते मला सगळ्यात जड जात होतं.

दुसरं. कपाटाच्या जागी सापडलेला तो गोळा नळाचा नाही. बाबा उरलेल्या शिशाचे छोटीला पक्षी करून द्यायचे, आठवतं? ओल्या वाळूत लाकडी चिमणी दाबायची आणि त्या खळग्यात शिसं ओतायचं. सात होते. एक तर तिच्या गालात असायचाच, लिमलेटच्या गोळीसारखा. ती गेल्यावर मी ते कपाटात ठेवले होते. वणव्यात सातही एक झाले.

तिसरं लिहायला मी शेहेचाळीस वर्षं घेतली, तेव्हा तुला ते वाचायला वेळ लागला तरी चालेल. बाबांनी तुला काढल्यावर तू हॉस्टेलवरून माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाकीट पाठवलंस. आत डॉक्टरांची चिठ्ठी होती, छोटीचं रक्त तपासायची. "ताई, बाबांना न सांगता घेऊन जा. एका दिवसाचं काम आहे." मी तिला नेलं नाही. चिठ्ठी कपाटात कागदाखाली सरकवली आणि तुला लिहिलं, नेलं होतं, काही निघालं नाही. तपासणी झालीच नव्हती.

बाबांना घाबरून केलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. दहावीनंतर मला कचेरीत चिकटवलं आणि तुला कॉलेजात पाठवलं. तिथून तू एक पुस्तक वाचून आलास आणि मी रोज जिला न्हाऊमाखू घालत होते तिला काय झालंय ते मला सांगायला लागलास. तू चूक ठरायला हवा होतास. एवढंच होतं माझ्या डोक्यात. चार महिन्यांनी ती गेली.

तुझं माफीपत्र आलं तेव्हा बाबांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. तीन पानं. मी वाचलं, आणि त्या दिवसापासून तू मला खरा नकोसा झालास. बरोबर असून नाक घासणारा माणूस. माझ्या एका ओळीवर विश्वास ठेवणारा. मी तुला इतकी वर्षं जो तिरस्कार पाठवला तो मुळात कोणाच्या नावाचा होता, हे कळायला कॉलेज लागत नाही.

बाळाचं रक्त उद्याच्या उद्या तपासून घ्यायला सांग. लेकीला मीच सांगितलं असतं, पण ती माझा फोन उचलत नाही. तिला ही सवय कोणाकडून लागली ते मला माहीत आहे.


२ जून

वकील,

तुझं पत्र आलं. हाताने लिहिलेलं. "बाळाचं रक्त ठीक आहे." बाकी पान कोरं. तुझं अक्षर चाळीस वर्षांपूर्वी घाणेरडं होतं, आता वाचवत नाही. तरी मी ते चारपाचदा वाचलं. कोऱ्या भागाबद्दल माझी तक्रार नाही.

मी माती तपासणाऱ्या पोरीच्या कचेरीत गेले होते. रांगेत तास गेला. तिला सगळं सांगितलं, टाकीपासून चिमण्यांपर्यंत. मला वाटलं, ही आता शहाणपण पाजळणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण तिने मला बसायला खुर्ची दिली आणि त्याच दुपारी येऊन डाळिंबाखाली कंबरभर खड्डा घेतला. या वेळी कालवाकालव नाही, प्रत्येक वीतभर खोलीची माती वेगळ्या बरणीत. करडा गोळा तिने चिमट्याने उचलून पिशवीत घातला, वर लाल पट्टी चिकटवली आणि मला विचारलं, "परत हवाय का तुम्हाला?" मी म्हटलं, "नको." मग म्हटलं, "थांब." आणि पिशवीवरून एकदा हात फिरवला.

काल निकाल आला. मर्यादेच्या सदतीस पट. वर कमी, खाली जास्त, म्हणजे हे वणव्याने आणलेलं नाही. हिरवी पाटी मी स्वतः उपटून कचेरीत नेऊन दिली. खांबाला चार खिळे राहिले आहेत. पाववाला बघत होता. त्याला म्हटलं, बघतोस काय, तुझ्याही अंगणाची तपासून घे, आपला उतार तुझ्याकडेच जातो. त्याचं चालणं आता जरा सुधारलं आहे.

तो कोपरा पुरुषभर खोल खणून माती उचलून नेणार, डाळिंबासकट. मग नवी माती, मग पुन्हा तपासणी. वर्ष जाईल, कदाचित दोन. तोवर मी पत्र्यात. पोस्टमास्तरांच्या यादीत घोडागाडी आली आहे. कंत्राटदाराला मी कामावरून काढलं. तो काय म्हणाला ते तुला सांगायला नको.

फॉर्म नव्याने भरावा लागला. रकाना सात: 'होय. बॅटऱ्यांचं काम, बावीस वर्षं.' बाबांचं नाव पूर्ण लिहिलं. अक्षर चांगलं आलं आहे. माझं अक्षर नेहमीच तुझ्यापेक्षा चांगलं होतं.

रकाना अकरा मी मागच्या खेपेला पाहिलाच नव्हता. 'नाही' असलं की तिथपर्यंत जावंच लागत नाही. या जागेमुळे घरातल्या कोणाला पूर्वी बाधा झाली होती का? संख्या, वय, नातं. मी लिहिलं: एक, आठ वर्षं, बहीण.

खाली दोघा मालकांच्या सह्या लागतात, कचेरीत, समोर बसून. माझी झाली आहे. तुझी जागा कोरी आहे. ये.

ताई